पाते आणि किल्ली : एका स्वस्त चाकूच्या निमित्ताने

उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर गठ्ठ्यांची सुतळी कापण्यासाठी काहीतरी धारदार हाताशी असावे लागते. कात्री एकच असते आणि ती नेहमी दुसऱ्या टेबलावर असते. म्हणून काही वर्षांपूर्वी अंधेरी स्थानकाबाहेरच्या पदपथावरून मी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येईल असा एक चिमुकला घडीचा चाकू विकत घेतला. लाल मूठ, तिच्यावर पांढऱ्या फुलीसारखे काहीतरी चिन्ह, बोटाच्या दोन पेरांएवढे पाते आणि किंमत वडापाव-चहाच्या खर्चाइतकी. पहिल्या आठवड्यात त्याचे कौतुक झाले. दुसऱ्या आठवड्यात सुतळी कापताना जोर थोडा तिरका पडला, पाते उलट फिरले आणि मुठीत मिटताना माझ्या तर्जनीवर मिटले. जखम फारशी खोल नव्हती. तरी पुढचे चार दिवस लाल शाईचे पेन धरताना त्या चाकूची आठवण होत राहिली.

हा लेख त्या जखमेविषयी नाही. मात्र ती वस्तू अशी का वागली, याचा शोध घेताना मी ज्या इतिहासात शिरलो तो मला महत्त्वाचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाला शब्दांची व्युत्पत्ती पाहण्याची सवय असते. वस्तूंनाही व्युत्पत्ती असते, आणि एखादा शब्द मूळ अर्थ हरवून नुसता ध्वनी म्हणून उरावा तशा काही वस्तू मूळ प्रयोजन हरवून नुसता आकार म्हणून उरतात. हा चाकू त्यांपैकी एक आहे, असे मला वाटते.

•

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत धारदार वस्तूंना नावांची वाण नाही. सुरी, कोयता, विळा, विळी, वस्तरा, कात्री, अडकित्ता, चाकू. यांतील सुरीचे नाते संस्कृत 'छुरिके'शी आहे, 'चाकू' आणि 'वस्तरा' फारसीच्या वाटेने आले, 'अडकित्ता' कन्नडातून. म्हणजे मराठी माणसाच्या घरातील पाती तीन दिशांनी आलेली आहेत. परंतु येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तू एकाच कामासाठी घडलेली आहे आणि ते काम तिच्या रचनेतच लिहिलेले आहे. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी हलते. बसणाऱ्याच्या पायाखाली पाट असतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. अडकित्त्याला दोन दांडे असतात आणि जोर दोन्ही बाजूंनी सारखा पडतो. सुपारी कितीही कठीण असली तरी पाते बोटाकडे वळत नाही. 'अडकित्त्यात सापडणे' हा वाक्प्रचार सुपारीच्या बाजूने बोलतो. धरणाऱ्याच्या हाताला त्यात भय नाही.

खिशात किंवा कमरेला पाते बाळगण्याची आपल्याकडची रूढ पद्धत अडकित्त्याचीच होती. पानाच्या चंचीत सुपारी, चुनाळे आणि अडकित्ता हे एकत्र नांदत. कानकोरणे आणि दातकोरणे एका कडीत ओवून बाळगण्याचीही रीत होती. अनेक लहान उपकरणे एका कडीत अडकवणे ही कल्पना पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवली असे मुळीच नाही. मात्र त्या कडीत किल्ली नसे. किल्ल्यांचा जुडगा वेगळा, तो घरातील कर्त्या बाईच्या कमरेला. घराचा अधिकार एकीकडे आणि दातातली शीत काढण्याची सोय दुसरीकडे, हा विवेक त्या रचनेत होता.

लिहिणाऱ्या वर्गाचा चाकू हा याहून निराळा. मोडी दप्तरांत बसणाऱ्या कारकुनापुढे दौत, बोरू आणि शाई टिपणारी वाळूदाणी असे, आणि बोरूला टोक काढण्यासाठी लहान, टणक, अतिशय तीक्ष्ण पाते लागे. बोरू तिरकस छाटावा लागतो; टोकाची रुंदी आणि तिरपेपणा यांवर अक्षराचे जाड-बारीकपण ठरते. पाते बोथट असेल तर बोरू छाटला न जाता चिरतो आणि अक्षर फाटते. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी अशाच पात्याची गरज होती. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला आजही लेखणीवरून पडलेले नाव आहे, ते यामुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी पोलादी निबे घाऊक प्रमाणात काढली, पुढे आपल्याकडेही टाक रूढ झाला आणि लेखणीच्या चाकूचे मूळ काम संपले. तो पेन्सिलीपुरता उरला. मग शार्पनर आला आणि तेही गेले. काम गेल्यावरही आकार मागे राहिला. माझ्या जुडग्यातला चाकू त्या वंशातला शेवटचा पुरुष.

माझ्या पिढीतील उपनगरी विद्यार्थ्यांना आणखी एक पाते आठवत असेल: दाढीच्या ब्लेडचा उभा मोडलेला अर्धा तुकडा. कंपासपेटीत तो कागदात गुंडाळून ठेवलेला असे आणि बाईंच्या नकळत वापरला जाई. किंग कॅम्प जिलेट याला १९०४ मध्ये अमेरिकेत ज्या दाढीच्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यातील क्रांती वस्तऱ्याच्या आकारात नव्हती. धार गेली की पाते टाकून द्यायचे, ही त्यातील नवी गोष्ट होती. तोवर पात्याला आयुष्य असे, त्याला पुनःपुन्हा धार लावली जाई, झिजत झिजत ते अरुंद होई. जिलेटने धार आणि आयुष्य यांची फारकत केली. ते ब्लेड आपण टाकाऊ आहोत हे लपवत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. स्वस्त घडीच्या चाकूची अडचण अशी की तो आतून त्या ब्लेडइतकाच अल्पायुषी असतो आणि बाहेरून मात्र आजोबांच्या चाकूचे सोंग घेतो.

•

आता त्याच्या दोषांकडे वळू. हे दोष यांत्रिक आहेत, परंतु ते समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट मांडता येणार नाही.

पहिला दोष पोलादाचा. लोखंडात कर्ब योग्य प्रमाणात असेल तरच ते तापवून एकदम थंड केल्यावर कठीण होते. आपले लोहार यालाच 'पाणी देणे' म्हणतात. नुसते कठीण केलेले पाते काचेसारखे तडकते, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. या दोन क्रियांत कारागिराची सगळी विद्या आहे. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये शेफील्ड येथे क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद सिद्ध केले तेव्हा सुरी-काट्यांच्या धंद्यातील लोकांनी प्रथम नाके मुरडली होती, कारण त्या पोलादाला पाणी देणे त्यांना अवघड गेले. आजच्या स्वस्त चाकूत क्रोमियम असते, म्हणून तो चमकतो. कर्ब कमी असतो आणि पाणी देण्यावर वेळ खर्च केलेला नसतो, म्हणून त्याची धार टिकत नाही. दोनचार खोकी उघडली की धारेचा काठ वाकतो. मुलुंडला आमच्या इमारतीखाली सायकलवर शाण बसवून धार लावणारा एक गृहस्थ येई. त्याला मी हा चाकू दाखवला. त्याने नख लावून पाहिले आणि हिंदीत जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की पैसे घेईन, पण घेऊ नयेत असे वाटते, कारण संध्याकाळपर्यंत हा पुन्हा होता तसाच होईल.

येथे एक विचित्र गोष्ट घडते. बोथट पाते कमी धोक्याचे, असा आपला समज असतो. वस्तुतः बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेले पाते घसरते तेव्हा त्याची दिशा आपल्या हाती राहत नाही. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असते.

दुसरा दोष बिजागरीचा. घडीच्या चाकूच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते. ती स्प्रिंगप्रमाणे पात्याच्या बुंध्यावर दाब देते आणि पाते उघडे किंवा मिटलेले ठेवते. त्याला खिट्टी नसते. पाठीकडून पुरेसा जोर आला की पाते मिटणारच. चांगल्या चाकूतही ते मिटते. परंतु चांगल्या चाकूतील पट्टी ताठ असते, बुंधा नीट घासलेला असतो आणि मधला खिळा घट्ट असतो, त्यामुळे मिटण्यापूर्वी हाताला इशारा मिळतो. फ्रान्समधील जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी साधा लाकडी मुठीचा चाकू काढला. त्यालाही आरंभी खिट्टी नव्हती. १९५५ मध्ये त्यावर फिरणारे एक कडे बसवण्यात आले आणि पाते जागच्या जागी रोखले जाऊ लागले. तो चाकूही स्वस्तच होता. स्वस्ताईने सुरक्षिततेला अडवले नाही, एवढे यावरून दिसते. माझ्या चाकूत पट्टी पातळ पत्र्याची होती आणि खिळा महिनाभरात सैल झाला होता. घराचे कुलूप उघडणाऱ्या किल्ल्यांच्या शेजारी स्वतःला कुलूप नसलेले पाते लटकत होते.

तिसरा दोष मुठीचा. चाकू किल्लीएवढा करायचा म्हणजे मूठ दोन बोटांत मावेल एवढी होते. तळहाताला तिचा आधार मिळत नाही. कापताना उरलेला जुडगा खाली लोंबकळतो, किल्ल्या मनगटावर आपटतात आणि हाताचा तोल ढळतो. जुडग्यातून काढून वापरावा तर कडीत नख घालून ते तुटेपर्यंत झटावे लागते, आणि एवढे करायचे असेल तर चाकू जुडग्यात ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही. शिवाय खिशात किल्ल्यांच्या रेट्याने पाते किंचित उघडते. माझ्या दोन विजारींचे अस्तर याची साक्ष देईल.

चौथा दोष या शहराच्या आजच्या जीवनातून आलेला आहे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली आणि उपनगरांतील आमच्यासारख्यांना रोज दोनदा तपासणीच्या यंत्रापुढे उभे राहण्याची सवय लागली. २००१ नंतर जगभरच्या विमानतळांवर हातातील सामानात पाती नेण्याला बंदी आली होती. तोच संशय आता रोजच्या प्रवासात आला. एरवी चाकू काढून ठेवता येतो. जुडग्यातला चाकू काढून ठेवायचा म्हणजे आधी त्याची आठवण व्हावी लागते, आणि जुडग्यात अडकवण्याचे सारे आकर्षण तर हेच की त्याची आठवण ठेवावी लागू नये. एका संध्याकाळी मागे रांग खोळंबलेली असताना नख मोडेपर्यंत कडीशी झटून मी तो चाकू सोडवला आणि सोडून दिला. किल्ल्या परत मिळाल्या.

कायद्याच्या बाजूनेही ही वस्तू अधांतरी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांची वर्गवारी आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा कारागिरीच्या वस्तू तीतून वगळल्या आहेत. त्या मापाने आमचा चाकू निरुपद्रवी ठरतो. पण १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा काठी आणि चाकू यांचा नावानिशी उल्लेख असतो, आणि तेथे पात्याची लांबी मोजलेली नसते. सुतळी कापण्याच्या कामी धड न येणारी वस्तू संशयाच्या कामी मात्र पुरी पडते.

•

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की दोष स्वस्ताईचा आहे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु इतिहास वेगळे सांगतो.

१८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील जागतिक प्रदर्शनात जर्मन परीक्षक फ्रान्झ रूलो याने आपल्याच देशाच्या मालाला स्वस्त आणि वाईट ठरवून मायदेशात खळबळ उडवून दिली. त्या काळी झोलिंगेन गावचे कारागीर सुऱ्या-चाकू करून त्यांवर 'शेफील्ड' हा छाप मारत आणि तो माल जगभर जाई. शेफील्डच्या कारागिरांनी आरडाओरड केली. १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून परदेशी मालावर त्याच्या उगमाचे खोटे चिन्ह असू नये असे ठरवले, आणि हिंदुस्थानात १८८९ मध्ये तसाच कायदा झाला. जर्मन मालावर जर्मनीचे नाव यावे ते लाज वाटावी म्हणून! पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. नाव लपवण्याची सोय राहिली नाही, तेव्हा त्या नावाला शोभेल असा माल करणे भाग पडले. काही दशकांत तेच नाव उत्तम पोलादाची ग्वाही झाले आणि १९३८ मध्ये 'झोलिंगेन' या नावाच्या रक्षणासाठीच जर्मनीत स्वतंत्र कायदा करावा लागला.

माझ्या चाकूवरच्या लाल रंगाचे आणि पांढऱ्या फुलीचे मूळही याच संघर्षात आहे. स्वित्झर्लंडच्या सैनिकांचे चाकू झोलिंगेनहून येत असत. ते आपल्याच देशात व्हावेत म्हणून इबाख गावच्या कार्ल एल्झनर याने १८९१ मध्ये काम अंगावर घेतले, आणि झोलिंगेनच्या स्वस्त दरांपुढे तो जवळजवळ बुडाला. १२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. तीत एकाच पट्टीच्या जोरावर दोन्ही बाजूंची अवजारे चालवण्याची युक्ती होती. त्या चाकूने तो तरला. त्या मुठीवरचे चिन्ह म्हणजे कर्जात बुडत असतानाही माल न बिघडवलेल्या माणसाची सही आहे. माझ्या चाकूवर ती सही अर्धवट गिरवलेली होती. फुली होती, पण नीट पाहिले तर तिचे बाहू असमान होते.

आणि आता मुंबईकडे येऊ. साधारण याच काळात आर्देशीर गोदरेज हा तरुण पारशी वकिली सोडून मुंबईत परतला होता. ज्या बाजूची खात्री देता येत नाही ती कोर्टात मांडणे त्याला जमले नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८९५ मध्ये मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन त्याने शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याचा उद्योग काढला: चिमटे, कात्र्या, शस्त्रवैद्याची पाती. मुंबईतील एका मोठ्या पेढीने ती पाहिली आणि पसंत केली. प्रश्न फक्त छापाचा उरला. माल हिंदुस्थानात झाला आहे असे त्यावर लिहिले तर तो कोणी घेणार नाही, म्हणून तसे लिहू नये, असे पेढीच्या मालकाचे म्हणणे. आर्देशीरने ऐकले नाही. व्यवहार मोडला आणि धंदाही बसला.

ही गोष्ट आपण स्वदेशीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु झोलिंगेनच्या शेजारी ठेवून पाहिली की तिचा दुसरा अर्थ दिसू लागतो. झोलिंगेनच्या कारागिरांवर स्वतःचे नाव लिहिण्याची सक्ती करावी लागली. येथे एक माणूस ज्या नावामुळे माल खपणार नाही तेच नाव लिहिण्याचा हट्ट धरून नुकसान सोसत होता. पाते चांगले होते याविषयी वाद नव्हताच. ते चांगले आहे याची जबाबदारी कोणी उघडपणे घ्यायची की नाही, एवढाच वाद होता.

पुढे मुंबईतील घरफोड्यांच्या बातम्या वाचून आर्देशीर कुलुपांकडे वळला. १८९७ मध्ये लालबागला एका शेडमध्ये काम सुरू झाले. एल्झनरने इबाखला चाकूची नोंदणी केली ते हेच वर्ष. हा योगायोग आहे आणि त्याला योगायोगाहून अधिक मानण्याचे कारण नाही. मात्र एका चिमुकल्या जुडग्यात पाते आणि किल्ली शेजारी लटकताना पाहिली की मला तो आठवतो. पात्यात अपयश आलेल्या माणसाने किल्लीत यश मिळवले, आणि दोन्ही वेळी त्याचा आग्रह एकच होता. कुलुपातील स्प्रिंग हा त्याचा दुबळा भाग असतो हे ओळखून त्याने पुढे स्प्रिंगवाचून चालणारे कुलूपही काढले. माझ्या चाकूच्या सैल पट्टीचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

आर्देशीर १९३६ मध्ये वारला. १९४३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ पिरोजशा याने घाटकोपरच्या पुढे विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली आणि कारखाना उपनगरात आला. तेथील एक प्रसंग या लेखाच्या दृष्टीने निर्णायक आहे. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवावयाची होती. मतदारांत निरक्षर बहुसंख्य, म्हणून चिन्ह मतपत्रिकेवर न छापता पेटीवर लावलेले. त्यामुळे पोलादी पेट्या लाखांनी लागणार होत्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पेट्या विक्रोळीला झाल्या. दर पेटीला सुमारे ५ रुपये. या दरात बाहेरून कुलूप लावणे परवडेना. तेव्हा कारखान्यातील एका कामगाराने पेटीच्या आतच बसणारी कुलपाची युक्ती सुचवली आणि हिशेब जुळला.

पाच रुपयांची पेटी ही स्वस्त वस्तू होती. तिच्यावर एका नव्या प्रजासत्ताकाचा विश्वास बंद होता. स्वस्त म्हणजे वाईट हे समीकरण तिने खोटे ठरवले. पैसे कमी आहेत म्हणून कुलूपच गाळावे, हा सोपा मार्ग होता. पेटी बाहेरून तशीच दिसली असती. तो मार्ग घेतला गेला नाही, कारण पेटी कशासाठी आहे हे ती करणाऱ्यांना ठाऊक होते आणि ती कोणी केली हे घेणाऱ्यांना ठाऊक होते. ओपिनेलच्या कड्याची गोष्टही हीच.

•

आता माझ्या चाकूकडे परत येतो. त्याचे दोष मी वर चार सांगितले, पण या इतिहासातून गेल्यावर पाचवा दिसतो आणि तो इतर चारांच्या मुळाशी आहे. त्या चाकूवर कोणाचेही नाव नव्हते. होती ती दुसऱ्याच्या चिन्हाची पुसट नक्कल. तो कोठे झाला, कोणी केला, पाणी कोणी दिले किंवा दिले नाही, हे सांगणारे एक अक्षरही त्यावर नव्हते. विकणाऱ्याला ते ठाऊक नव्हते आणि घेताना मीही विचारले नाही. बोट कापल्यावर मी कोणाला दोष देणार? पदपथावर उन्हात उभ्या असलेल्या त्या मुलाला तर नक्कीच नाही. त्याच्या वाट्याला आलेला नफा माझ्या पट्टीच्या खर्चाहून कमी असेल.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथील स्थानकांच्या पुलांवर आणि लोकलच्या डब्यांत अशा वस्तूंची मोठी बाजारपेठ आहे. नखे कापण्याचे यंत्र, लहान विजेरी, शिट्टी, बाटली उघडणारे, आणि कधी कधी हे सगळे एकाच कडीत. त्या विक्रेत्यांविषयी तुच्छतेने लिहिणे सोपे आहे आणि मध्यमवर्गीय लेखणीला ती सवयही आहे. म्हणून स्पष्ट म्हटले पाहिजे की प्रश्न गरिबाने विकलेल्या मालाचा नाही. त्याच अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींत लहान शेडमध्ये बसून दहा हजारांत एक खिळा सदोष निघाला तरी अस्वस्थ होणारे कारागीर मी पाहिले आहेत. निनावी वस्तूने त्यांचेही नुकसान होते, कारण तिच्या दराशी त्यांना स्पर्धा करावी लागते.

आपल्या क्षेत्रालाही हे लागू पडते. साहित्याचे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री जी मार्गदर्शके वाचतात ती या चाकूहून फार वेगळी नसतात. मुखपृष्ठावर मोठ्या समीक्षकांच्या संज्ञांचा लाल रंग, आत पाणी न दिलेले पाते. संज्ञा उघडते, पण जरा तिरका प्रश्न आला की मिटते, आणि मिटते ती विद्यार्थ्याच्याच बोटावर. ती पुस्तके स्वस्त आहेत ही माझी तक्रार नाही. चांगली, स्वस्त आणि लेखकाच्या नावानिशी निघालेली पाठ्यपुस्तके मराठीत झालेली आहेत आणि त्यांवर पिढ्या शिकल्या आहेत. तक्रार एवढीच की 'हे मी लिहिले, चुकले तर मला विचारा' असे म्हणणारा त्यांत कोणी नसतो. आणि ती विकत घ्यायला सांगणारे आम्ही अध्यापक त्या पदपथावरच्या मुलाइतके निरपराध नसतो, कारण आत काय आहे हे आम्हाला ठाऊक असते.

सुतळीसाठी आता मी कात्री बाळगतो. ती पिशवीत असते, जुडग्यात नाही. जुनी, जड, घासून घासून अरुंद झालेली, आईच्या शिवणाच्या डब्यातली. तिच्या एका पात्यावर खिळ्याजवळ करणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. वर्षानुवर्षांच्या धार लावण्याने त्यातली पहिली दोन अक्षरे पुसली गेली आहेत. उरलेली वाचता येतात.